डाव्या करंगळीतली अंगठी

अरे ऐका ना, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मला पुढचं सांगताच येणार नाही.

शनिवारी सकाळी आमचा इंजिनिअरांचा क्लब इलेक्ट्रिक बसचा कारखाना बघायला गेला होता. विनिपेगच्या कडेला, रुळांच्या पलीकडे आहे ना, तोच. बाहेर उणे एकतीस. गाडीतून उतरल्या उतरल्या नाकातले केस कडक झाले.

क्लबमधला ब्रेंडन मला म्हणाला, "सोलोम्या, असल्या थंडीत सुट्टीच्या दिवशी कारखाने बघायला आपल्यासारखे येडेच जाणार!"

मी हसले. पण मी बस बघायला गेलेच नव्हते. माझा भाऊ तारास तिथे कामाला होता ना, गेल्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून तो जाईपर्यंत. तो जिथे उभा राहायचा ती जागा मला एकदा बघायची होती, बास.

आणि ही लोखंडी अंगठी त्याची. आपल्याकडे कॅनडात पास झालेला इंजिनिअर ज्या हाताने काम करतो त्याच हाताच्या करंगळीत घालतो ती. तारास डावखुरा, म्हणून त्याच्या डाव्या. मी उजव्या हाताने काम करते, म्हणून माझ्या उजव्या. माझी स्वतःची कपाटात पडलीये. ही सैल व्हायची, म्हणून आतून निळा दोरा गुंडाळला होता. देताना आईने एकच सांगितलं होतं, "काढायची नाही. कधीच नाही."

तर बॅटरीच्या विभागाच्या दारात लोर्ना नावाची बाई ट्रे घेऊन उभी. "घड्याळं, साखळ्या, अंगठ्या, सगळं इथे. उघड्या तारांपाशी धातू चालणार नाही."

खण, खण, सगळ्यांच्या अंगठ्या ट्रेमध्ये. मी रबरी हातमोजा चढवला आणि गप्प बसले. असला गाढवपणा कुणी इंजिनिअर करतो का? मी केला.

आत एक बस उभी होती. सीट बसवलेल्या, नव्या रबराचा उग्र वास, खाली जाडजूड नारिंगी वायरी नुसत्या लोंबत होत्या. आम्ही वर चढलो.

टिंग.

समोर थांब्याचा लाल दिवा लागला.

"कुणाला उतरायचंय रे? आत्ताच तर चढलात!" ब्रेंडन ओरडला. सगळे खिदळले. लोर्ना नाही हसली.

"हिच्यात अजून बॅटरी बसवलेली नाहीये," ती म्हणाली. "छोटीसुद्धा नाही."

तिने मीटर लावून बघितला. शून्य. दिवा चालूच.

"कुठूनतरी गळत असेल करंट," ब्रेंडन म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

लोर्नाने आम्हाला घाईने खाली उतरवलं. शेजारी उघडी बॅटरी मांडली होती, ती दाखवायला लागली. मला नीट दिसेना, म्हणून मी वाकले. हात पुढे गेला.

टिंग. टिंग. टिंगटिंगटिंगटिंग.

बसमध्ये कुणी नव्हतं. खिडक्यांवरची, बस थांबवायला ओढतात ती पिवळी दोरी ताणली जात होती, सुटत होती, परत ताणली जात होती.

लोर्नाने माझी बोटं पकडून मला मागे खेचलं. मोज्याखालचा कठीणपणा तिच्या बोटांना लागला.

"काढ ती."

"नाही काढणार. भावाची आहे."

"कोण भाऊ?"

"तारास."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळू म्हणाली, "काढ गं पोरी. तो इथे असता तर त्यानेच काढायला लावली असती."

मी काढली.

घंटा थांबली.

मग बसचं दार उघडलं. सावकाश. कुणाला उतरायला उघडतं तसं.

लोर्नाने अंगठी नेऊन ट्रेमध्ये ठेवली.

बाहेर पडताना जो तो आपापली उचलून पळत होता. माझी शेवटची. निळा दोरा तिच्यातून निघाला होता. बाजूला नीट वेटोळं करून ठेवलेला. मी घाईघाईत मिळेल त्या करंगळीत घातली.

घट्ट बसली.

मग कॉफी प्यायला गेलो. ब्रेंडनची टकळी परत सुरू, घंटेपर्यंत करंट पोचलाच कसा वगैरे. मी म्हटलं थांब, दाखवते तुला, आणि कागदी रुमालावर वायरी काढायला लागले. सरळ, सुंदर रेघा. तो चित्राकडे बघतच नव्हता.

"सोलोम्या."

"काय रे?"

"तू डाव्या हाताने काढतेयस."

साबण लावून झाला, लोणी लावून झालं, बर्फात हात खुपसून झाला. अंगठी निघत नाही. ओढू नकोस, दुखतं!

त्या रात्री मी घरी काहीच सांगितलं नाही. आईने बोर्श्ट, आमचं बीटाचं सूप, वाढलं. मी हात टेबलाखाली ठेवले होते, पण पाव घ्यायला एक वर आलाच. कुठला, ते मला तेव्हा कळलंही नाही.

आईने बघितलं. माझ्या उजवीकडचा चमचा उचलला, माझ्या डावीकडे ठेवला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच गुणगुणत आत गेली.