एकशे पंधरा मिली

दाखल झालो त्या दुपारी सिस्टरने माझ्या हातात तीन वस्तू ठेवल्या. एका नातेवाइकाचा पास, प्लास्टिकचा मापाचा पेला आणि खाटेच्या पायथ्याला अडकवायचा तक्ता. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याची केमो सुरू होणार होती. दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलं नाही तर औषध किडनीला सोडणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. किती वाजता किती प्यायला, ते नातेवाइकाने लिहायचं.

"लिहिणारा हात एकच असू दे, ताई," सिस्टर म्हणाली. "दोघांनी लिहिलं की घोळ होतो."

मी रसायनशास्त्र शिकलेली. काही मोजायला मिळालं की माझा जीव थाऱ्यावर येतो. मी कपाट पुसलं, त्याच्या चपला खाटेखाली लावल्या, पाण्याची बाटली खिडकीत ठेवली. पेल्यावर खुणा पन्नास-पन्नासच्या होत्या. मधलं माप मी वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचत होते.

"पेशंट गेला तरी चालेल, माप चुकायला नको," नवरा म्हणाला. "काय शास्त्रज्ञबाई?"

मी हसले. त्यानंतर त्याने माझ्याशी थट्टा केली नाही.

औषध चढलं आणि त्याला पाण्याचा वाससुद्धा सोसेना. मी पेला पुढे केला की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. चुचकारून झालं, रागावून झालं. तीस मिली, चाळीस मिली, त्यातलंही निम्मं उलटून पडायचं. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा वर गेलेला होता. डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला.

त्याच सकाळी मी कॉरिडॉरच्या टोकाला आंघोळीला गेले. परत आले तर तक्त्यावर नवी ओळ होती. ११:१७. ११५ मिली.

अक्षर माझं होतं. आकडे इंग्रजीत आणि साताच्या पोटात आडवी रेघ, ही माझी प्रयोगशाळेतली सवय. एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून. आणि पन्नासच्या खुणांमध्ये एकशे पंधरा वाचायचं तर वाकावंच लागतं.

पण अकरा सतराला माझ्या केसांत साबण होता.

"पाणी कुणी दिलं?" मी विचारलं.

"तूच की," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर हसू अजून वाळत होतं.

थकव्याने माणूस काहीही विसरतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण समजूत म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी बाटलीवर पेनाने खूण केली, तक्त्यावरच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली आणि बाहेर दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. खोलीला दार एकच. चाळीस मिनिटं मी त्यावरून नजर काढली नाही. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही.

परतले तेव्हा रेघेखाली दोन नोंदी होत्या. १३० आणि ११०. मी बाटलीतलं पाणी मोजलं. बरोबर दोनशे चाळीस कमी.

सिस्टरला सांगायचं ठरवून मी उठले, तेवढ्यात नवा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा खाली उतरला होता. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "छान. असंच पाजत राहा."

मी सांगितलं नाही.

मग मी बाहेर बसू लागले. आधी तासभर, मग दोन तास. बाकावरून मला दाराआडचं त्याचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. तो बोलायचा, थांबायचा. दुसऱ्या कुणाचं बोलणं मावेल एवढा वेळ थांबायचा आणि हसायचा. दुसरा आवाज मात्र कधीच आला नाही.

आत गेले की तो गप्प. नजर दाराकडे.

"कुणाची वाट बघतोयस?"

"तुझी," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आठव्या दिवशी सकाळी सिस्टरने तक्ता काढून घेतला. उद्या घरी सोडणार होते. ती ओळींवरून बोट फिरवत होती.

"नीट ठेवलाय हो," ती म्हणाली. मग बोट थांबलं. "पण मधेमधे हे कुणी लिहिलंय? तीस, चाळीस. अक्षर वेगळं आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, ताई?"

"इथे दुसरं कुणी येत नाही, सिस्टर," नवरा म्हणाला. "आम्ही दोघंच असतो."

मी वाकून बघितलं. बोटाखालची नोंद मी तासाभरापूर्वी, स्वतःच्या हाताने केली होती. ९:०७. ३० मिली.

साताच्या पोटात रेघ नव्हती.