बटण दाबल्यावर कोण बघतं?

"अंघोळ करायची नाही, वायरी ओढायच्या नाहीत आणि धडधडलं की हे बटण दाबायचं," होल्टरचं छोटं मशीन माझ्या हातात देत तो म्हणाला. छातीवरचे स्टिकर सिस्टरने पडद्याआड लावले होते. तरी त्याच्याशी बोलताना माझे कान तापलेच.

त्याचं नाव निहार. राहणार चेण्याचा, भाईंदरच्या त्या दवाखान्यात ईसीजी काढायचा. मी ॲमंडा, तारोडीची. ममी गेल्यापासून माझ्या छातीत मध्येच एखादा ठोका चुकायचा... डॉक्टर म्हणाले, दिवसभराचे ठोके नोंदवून बघू.

ममी आयसीयूत होती तेव्हा काचेपलीकडे एक सिस्टर सतत स्क्रीनकडे बघत बसायची. हेही मशीन तसंच असणार, असं मी धरून चालले. म्हणजे आता निहार तिकडे बसून माझे ठोके बघणार!

घरी आले, कुलूप काढलं आणि बटण दाबलं — पोचले. भाऊ ॲड्रियन बोटीवर, घरात बोलायला फक्त फ्रिज. चहा झाला, बटण दाबलं. एकटीच जेवायला बसले, तेव्हाही दाबलं. कितीतरी दिवसांनी टीव्ही चालू न ठेवता झोप लागली.

दुसऱ्या दिवशी निहार स्क्रीनसमोर डोकं खाजवत होता.

"इतक्यांदा त्रास झाला?"

"न्हाय."

"हां, तेच! जिथे जिथे बटण दाबलंय तिथे सायनस रिदम आहे. म्हणजे एकदम नॉर्मल, शिस्तीत चाललेले ठोके. मध्ये थोडे एक्टोपिक आहेत, जादाचे ठोके... त्यानंतर जरा गॅप पडतो, म्हणून चुकल्यासारखं वाटतं. घाबरायचं काही नाही. पण तेव्हा तर तुम्ही बटण दाबलंच नाही!"

"मला वाटलं... तुम्ही इकडून बघताय. म्हणून सांगत होते. पोचले, चहा घेतला..."

तो स्क्रीनवरून माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "हे लाइव्ह नसतं. मशीनमधलं कार्ड मी आत्ता उघडलं."

म्हणजे काल कुणीच नव्हतं. मला इतकं एकटं वाटलं की डोळेच भरून आले. त्यात रिपोर्ट नॉर्मल — पुन्हा यायचं कारणही संपलं! लोक अशा रिपोर्टवर पेढे वाटतात.

मी पर्स उचलली. तो मात्र स्क्रीनवरच्या खुणेवर बोट ठेवून बसला होता.

"ही कसली?"

"...जेवले."

"काय होतं?"

"बोंबलाचं कालवण."

"एकटीच?"

"मग काय, बोंबलांबरोबर?"

तो हसला. "आमच्याकडे रोज पंगत बसते. एकटं जेवायला मला जमणारच नाही. आणि ही?"

अशी एकेक खूण त्याने विचारली. काल कुणी न बघितलेला माझा दिवस त्याने आज सगळा बघितला. शेवटी त्याने माझ्या मोबाईलमध्ये स्वतःचा नंबर टाकला. "इथे मिस्ड कॉल द्या. हे लाइव्ह असतं."

संध्याकाळी ताट वाढून घेतलं. बराच वेळ फोनकडे बघत राहिले... मग दिला एक मिस्ड कॉल. लगेच फोन वाजला.

"काय होतंय?" त्याचा आवाज घाबरलेला.

"काही न्हाय... जेवायला बसले."

मागे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"थांब," तो म्हणाला, "मीपण ताट घेऊन बाहेर आलोय."