बटण जरासं डावीकडे

दार उघडलं तर समोर एक उंचच उंच तरुण. रागानं कान लाल झालेले, हातात फोन.

"मोठी जाऊ इथेच राहतात का?"

मी म्हटलं, "कोणाची मोठी जाऊ?"

"ते मला काय माहीत, काकू! त्यांनी सकाळची पहिली वेळ घेतली. त्यांच्यामागे धाकटी जाऊ, मग विहीणबाई, मग विहीणबाईंचा भाऊ... मी खुर्ची पुसून बसलोय. खरी गिऱ्हाइकं आली ती परत पाठवली. म्हटलं, आज एका अख्ख्या घराण्याचे डोळे तपासायचेत. आणि एक माणूस फिरकेल तर शपथ! शेवटी पत्ता शोधत आलो."

तेवढ्यात आतून माझी धाकटी लेक धावत आली. केसांत पेन्सिल खोचलेली, डोळे तारवटलेले.

"अगं बाई... ते खरंच गेलं की काय?"

आता हे नीट सांगायला हवं. माझी धाकटी वेबसाइटचं काम करते, घरी बसून. तिच्या कंपनीत पडद्यामागचं करणारे वेगळे आहेत. हिच्याकडे जे डोळ्यांना दिसतं ते सगळं: रंग, अक्षरं, बटणं. पडद्यामागे कोणी काय गोंधळ घालतो ते कोणाला कळत नाही, पण हिचं बटण केसभर सरकलं की साऱ्या जगाला लगेच दिसतं. बरं, एका फोनवर सुरेख दिसणारं पान दुसऱ्या फोनवर वाकडं दिसतं. वर्षभर राबून एखादी गोष्ट शिकावी, तर साहेब म्हणणार, ते आता जुनं झालं, नवं शीक. पोरीनं जिवाचं रान केलं, तरी कौतुक कशाचं होईल? लोगोचं. तो तर दुसऱ्यानंच काढलेला असतो.

तर त्या दिवसांत ती एका चष्म्याच्या दुकानाचं पान करत होती. डोळे तपासायची वेळ पानावरूनच घ्यायची, अशी सोय. ती चालते का बघायला खोटी नावं भरायची असतात. "आई, काहीही नावं सांग," म्हणाली. डोळे तपासायची खरी गरज ज्यांना आहे, त्यांचीच मी सांगितली. पत्ता मात्र तिनं हाताच्या सवयीनं आपलाच टाकला. आणि पान सरावाच्या खात्याला जोडायचं ते जोडलं होतं थेट दुकानदाराच्या फोनला.

तोच हा दुकानदार, चष्मेवाला. दारात उभा.

"म्हणजे... माझं पान तुम्ही करताय?" त्याचा राग जरा खाली आला. "मग एक विचारू? मी अक्षरं मोठी ठेवा म्हणून कंठशोष केला. तुम्ही मुंगीएवढी का ठेवलीत? तीही राखाडी?"

"मी?" धाकटी उसळली. "साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला नाजूक हवंय! मी त्यांना सांगितलं होतं, डोळ्यांचं दुकान आहे, तिथे येणाऱ्याला मुळात दिसत नसतं..."

"अहो, मी तेच सांगत होतो!"

"मी पण तेच सांगत होते!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. इतके दिवस ती म्हणायची, "तो मेला गिऱ्हाईक," आणि तो म्हणत असणार, "ती मेली कंपनी." मधल्या मध्ये साहेब आपल्याच मनाचं दोघांच्या नावावर खपवत होता.

"आत या," मी म्हटलं. "दारात उभं राहून भांडलेलं शेजारी फुकट ऐकतात."

चहा झाला. कपातल्या वाफेनं त्याचा चष्मा पांढराफटक झाला, आणि त्याला काही दिसत नाही बघून माझ्या लेकीनं त्याच्याकडे निवांत बघून घेतलं. मला वाटतं, त्यानं चष्मा पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

अक्षरं मोठी झाली. साहेबानं कुरकुर केली, मग "तूच त्याच्याशी परस्पर बोल" म्हणून अंग काढून घेतलं. आणि बदल सुरू झाले.

चष्मेवाला दुकान उघडायच्या आधी यायचा. सकाळचं कोवळं ऊन तिच्या टेबलावर उतरलेलं असायचं. हा तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा, फार जवळ नाही... पण फार लांबही नाही.

"बटण जरासं डावीकडे घेता येईल?"

"किती जरासं?"

"तुम्हाला बरं वाटेल तितकं."

"माझं काय, मला ते होतं तिथेच बरं वाटत होतं."

"मग... तुम्हाला थोडं कमी बरं वाटेल तितकं."

ती हसायची. ही माझी पोरगी, जिला साहेबानं एक रंग बदलायला सांगितला तर दिवसभर भांडी आपटते, ती याच्यासाठी निळ्याचा आभाळी, आभाळीचा परत निळा करत होती, आणि वर गुणगुणत होती.

"डोळे किती लाल झालेत," तो एकदा म्हणाला. "अधूनमधून मान वर करून लांब बघत जा. खिडकीबाहेर."

"खिडकीबाहेर भिंत आहे."

"मग दाराकडे बघा."

"दारात काय आहे?"

"सकाळी... मी असतो."

मी स्वयंपाकघरात खोकले. माणसानं निदान मोठी माणसं घरात आहेत एवढं ध्यानात ठेवावं.

पण साहेबाच्या घरी काही कोवळं ऊन पडत नव्हतं. त्याचा फोन आला. ती फोन स्पीकरवर ठेवून काम करते, म्हणून मीही ऐकला. "एका चिमूटभर दुकानाचं पान तुला संपत नाही? शुक्रवारपर्यंत संपव. नाहीतर तुझ्या जागी दुसरी मुलगी बघतो."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. माझी पोर नोकरीसाठी कोणाच्या पाया पडणारी नाही, पण हे काम तिनं कष्टानं कमावलेलं होतं. जेवताना एक हात ताटात, एक हात माऊसवर. मी घास भरवायला गेले तर म्हणाली, "आई, मध्ये येऊ नकोस, पडदा दिसत नाही."

शुक्रवारी सकाळी चष्मेवाला हजर.

"एकच छोटा बदल. ते बटण..."

"कुठे घेऊ?" तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"जरा उजवीकडे. अजून. अजून थोडं... हां! बस."

ती थांबली. मग सावकाश वळली.

"हे बटण अगदी सुरुवातीला इथेच होतं."

"हो का? मग... छानच होतं की."

"तुम्हाला या बटणाचं काही पडलेलंच नाही."

त्याचे कान पुन्हा लाल, पण या वेळी रागानं नाही.

"खरं सांगू? नाही. माझं पान केव्हाच मनासारखं झालंय. पण ते संपलं, तर मी इथे काय म्हणून येऊ?"

दुसरी एखादी विरघळली असती. ही माझी लेक आहे.

"काय म्हणून या ते तुम्ही ठरवा! इथे माझी नोकरी चाललीय! तुमच्या एकेका 'जरासं' पायी मी अख्खं पान सगळ्या फोनांवर पुन्हा तपासते. डोळ्यांची पार आग होते. आणि तुम्ही तो लपंडाव समजलात?"

त्याचा चेहरा उतरला. त्याला नोकरीचं ठाऊकच नव्हतं. त्यानं तिथेच साहेबाला फोन लावला. "पान उत्तम झालंय. माझ्याकडून मंजूर. उशीर माझ्यामुळे झाला, मुलीचा त्यात दोष नाही." फोन खिशात टाकला, मला म्हणाला, "येतो, काकू," आणि गेला. चहा तसाच राहिला.

नोकरी वाचली. साहेबानं नवं कामही दिलं. आणि माझी पोरगी सकाळ झाली की दाराकडे तोंड करून बसायला लागली.

"कोणी यायचंय?" मी विचारलं.

"लांब बघतेय. डोळ्यांना बरं असतं."

"दार बंद आहे, बाई."

दिवस चालले, तो काही आला नाही. मी म्हटलं, "दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. पाय आहेत ना तुला?"

"मी का जाऊ? त्यांनी यायला हवं."

"त्यानं कोणत्या तोंडानं यावं? हाकलून तू दिलंस."

"मी हाकललं नाही! मी फक्त... ओरडले."

"मग जा, जरा हळू आवाजात काहीतरी बोलून ये."

ती निघाली. मीही निघाले. तरण्या मुलीला एकटीला दुकानात कशी पाठवायची, असं मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मला घरी राहवलंच नसतं.

तिला बघून त्याच्या हातातली चष्म्याची काडी निसटली. तिनं खुर्चीत बसून एवढंच म्हटलं, "डोळे तपासायचेत."

त्यानं तिच्या नाकावर तपासायची जड चौकट चढवली. काचा बदलत गेला.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं."

"आता?"

"धूसर."

"आणि... आता?"

ती समोरच्या अक्षरांकडे बघतच नव्हती.

"आता सगळं नीट दिसतंय."

त्यानं चौकट उतरवली. तिच्या कानामागे अडकलेली केसांची बट अलगद सोडवली. "तुमचे डोळे चांगले आहेत. फक्त थकलेत. चष्मा लागणार नाही."

"म्हणजे चष्मा न्यायलाही परत यायला नको."

"नको."

"आणि पानात काही बदल?"

"काही नाही."

"म्हणजे तुम्हाला माझ्याकडे यायला कारण नाही, मला तुमच्याकडे यायला कारण नाही."

"नाही..." तो अगदी हळू म्हणाला.

"मग उद्या सकाळी बिनकारणाचे या," माझी लेक म्हणाली. "परवाही. मला... तू तसाच आलेला हवा आहेस."

पठ्ठ्यानं तिचा हात हातात घेतला, आणि मग मी तिथे आहे हे आठवून गडबडीनं माझ्याकडे वळला. हात मात्र सोडला नाही.

"काकू... तुमचे डोळे तपासून देऊ का?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "मी पहिल्या दिवसापासून सगळं बघतेय."