घरची हाक

"हूऽऽय… हो! येई ऱ्हायनी का?"

पंधराव्या वर्षी मला कावीळ झाली, आणि त्या पिवळ्या, सरता न सरणाऱ्या दुपारी हा आवाज माझ्या कानात आला. आमच्या गावी, कोरीटला, घरामागे मिरची वाळत पसरलेली. खिडकीतून तिचा लाल, तिखट उजेड आत यायचा. खाटेशेजारी आईचा दमून डोळा लागलेला… आणि थोरल्या भावाचा, भाग्येशदादाचा फोन उशाशी घेऊन मी धुक्यात हरवलेली.

खेळाचं नाव होतं 'शेळी हरवली'. शेळी शोधायला निघालेली एक पोर डोंगरात स्वतःच हरवते, एवढीच गोष्ट. पडदाभर धुकं. नकाशा नाही, बाण नाही, गुण नाहीत. चालत राहिलं की काहीच ऐकू यायचं नाही. थांबलं – अगदी श्वास धरून थांबलं – की कुठूनतरी ती हाक यायची. कधी डाव्या कानात, कधी उजव्या. मध्येच मोडायची, मग झाडावर खार चढावी तशी वर चढायची. येतेयस का, म्हणून विचारायची. तिच्या दिशेनं थोडं चालायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी एक कुडाचं घर लागायचं. दारात कुणीतरी उभं असायचं, आणि त्याचा चेहरा दिसणार एवढ्यात दिवा विझायचा. संपलं.

हाकेला ओ द्यायची सोय त्या खेळात नव्हती. माझ्या ओठांवर मात्र दर वेळी उत्तर यायचं. आई जागी होईल म्हणून मी ते गिळून टाकायचे. कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले… गिळलेलं उत्तर तसंच आत राहिलं.

आता मी तळोद्यात बदामबाईंच्या मोबाईलच्या दुकानात काम करते. काच बसवते, कव्हर विकते, म्हाताऱ्यांना फोटो कसे पाठवायचे ते शिकवते. यंदा उन्हाळ्यात त्या खेळाचा दुसरा भाग आला – 'शेळी हरवली २ : सोन्याची घंटा'. आला त्याच सकाळी, दुकानाचं शटर वर करायच्या आधी, मी तो उघडला. आणि तासाभरानं मी फोन गल्ल्यावर उपडा ठेवून दिला, जसं एखाद्या जवळच्या माणसानं रस्त्यात ओळख न दाखवता पुढं जावं आणि आपण बघत राहावं…

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, तो आला. आमचुराचे दिवस होते. वरच्या पाड्यांवरून जीपा भरभरून पोती उतरत होती, आणि सगळा रस्ता आंबट झाला होता. उंच, सावळा, खांद्यावर गमछा. एकेक शब्द भांडं न वाजवता खाली ठेवावं तसा बोलायचा.

"आईचा फोन शे. ह्यातून एक खेळ काढून द्या. परत येणार नाही असा काढा."

"कोणता?"

"शेळी हरवली."

माझा हात थांबला. "पहिला असेल तर काढणार नाही, दुसरं दुकान बघा. दुसरा असेल तर फुकट काढते आणि वर चहा पाजते."

तो तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "दुसरा."

"मग बसा."

"एवढा राग?"

"राग नाही तर काय! धुकं घालवायला जाहिरात बघायची म्हणे. धुकंच घालवलं तर उरलं काय? आणि त्या पोरीच्या हातात तलवार दिलीय. शेळी शोधायला कुणी तलवार घेऊन जातं का?"

"शेळी मारकी असंल."

"हसू नका! दारात उभा असायचा ना तो… इतकी वर्षं वाटत होतं, दुसऱ्या भागात त्याचा चेहरा दिसेल. दिसला एकदाचा."

"कसा शे?"

"पावडर थापलेल्या पैलवानासारखा."

तो आवाज न करता हसला, खांदे हलले फक्त. मग फोनकडे बघत, अगदी हळू, त्यानं विचारलं, "आणि हाक?"

"हाक तीच आहे. पण थांबतच नाही हो… नाणी गोळा कर, डावीकडं वळ, पुढं चल, पुढं चल! त्या आवाजाला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही त्यांनी. पहिल्यात तो माझी वाट बघायचा. आता नुसती घाई करतो."

तो एकदम उठला. खेळ एव्हाना निघाला होता; फोन घेतला आणि पायऱ्या उतरला.

"अहो, चहा!"

"पुढल्या बाजारी," तो वळून म्हणाला.

पुढल्या बाजारी आला. मग त्याच्याही पुढल्या. कधी काचेला चरा, कधी कव्हर सैल, कधी फोनला काहीच झालेलं नाही पण 'बघून घ्या एकदा'. नाव अजित. तळोद्याच्या वर, घाट चढून गेल्यावर त्याचा पाडा.

"ए रिना," बदामबाई गल्ल्यामागून म्हणायच्या, "यो छोरो फोन दाखवायला येतो का तोंड?"

"फोनच, बाई."

"हां, हां. म्हणून त्याची काच तू लग्नातल्या ताटासारखी पुसतेस."

मी लाल व्हायचे. तो शिंकायचा. कोरीटच्या पोरींच्या ओढणीतून मिरची वर्षभर जात नाही.

"तुमच्याजवळ उभं राहिलं की डोळ्यात पाणी येतं," तो एकदा म्हणाला.

"आणि तुमच्या हाताला आमचुराचा वास येतो. माझ्या तोंडाला सुटतं, त्याचं काय?"

"मिरची आणि आमचूर… मीठ तेवढं राहिलं."

"ते कोण आणणार?"

"बघू," तो म्हणाला आणि बाहेर बघायला लागला. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजत होते. मी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली…

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. हा माणूस कधी कुणाला हाक मारायचा नाही. जीप निघाली तरी ओरडायचा नाही. धावत जायचा आणि पत्र्यावर थाप मारायचा. चहावाल्याला सांगायला रस्ता ओलांडून जायचा.

श्रावणातल्या एका बाजारी तो आईचा फोन दुकानातच विसरून गेला. मी ओढणी डोक्यावर घेऊन जीपच्या थांब्याकडे धावले. वाहरूदादाची जीप घुरघुरत होती. माणसं मागच्या दांडीला लटकलेली, आणि अजित एका पायावर आत. मला भिजलेली, धापा टाकत आलेली बघून त्याचे डोळे उजळले. फोन घेताना बोटं बोटांना लागली. आणि तो सहज, अगदी थट्टेनं म्हणाला,

"येई ऱ्हायनी का?"

आवाज मध्येच मोडलेला… मग वर चढलेला.

पाऊस पडत होता, पण मला तो ऐकू येईना. माझ्या अंगावर मिरचीचा लाल उजेड पडला, आई शेजारी निजली, आणि मी पंधरा वर्षांची झाले.

"तो… तुम्ही आहात," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. तो जीपमधून उतरला आणि वाहरूदादाला हातानंच 'जा' म्हणाला. आम्ही पानाच्या टपरीच्या आडोशाला उभे राहिलो.

"आमच्या पाड्यावर घरं लांब लांब," तो बोलू लागला. "एक ह्या टेकडीवर, एक त्या टेकडीवर. घराघराची हाक वेगळी. कुठं मोडायची, कुठं चढवायची ते ठरलेलं. ती फक्त घरच्या माणसाला द्यायची. आणि ज्याला दिली त्यानं हातातलं काम टाकून यायचं. हा खेळ बनवणारी पुण्याची पोरं आली होती, चांगली पोरं. पाण्याचे, पाखरांचे आवाज भरून घ्यायची. म्हणाली, तुझी सगळ्यात चांगली हाक दे. मी बारावीत होतो. दिली घरचीच, शब्द तेवढे खाली बाजारात बोलतात तसे… खोटी हाकही देता येते, हे मला सुचलंच नाही."

"मग?"

"पहिल्या खेळानं काही बिघडलं नाही. दहा-वीस जणांनी ऐकली असंल."

"एक कोरीटला ऐकत होती," मी म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"पुढं तो खेळ दुसऱ्याच कंपनीनं घेतला. त्या एका हाकेतून यंत्रानं हजार वाक्यं काढली. ह्या उन्हाळ्यात आई आंबे फोडत बसली होती. पलीकडच्या टेकडीवरून माझी हाक आली. विळा टाकून ती अनवाणी चढण चढली. वाटलं, पोराला काही झालं. वर पोरं तिचाच फोन मोठ्या स्पीकरला जोडून खेळत बसली होती. पाड्यातल्या म्हाताऱ्या डोंगरसिंगबाबांनी ऐकलं, तर एवढंच म्हणाले – हाक उष्टी झाली." तो थांबला. "तेव्हापासून मी कुणाला दिली नाही. आईनं हाक मारली तर नुसता जातो. ओ देत नाही."

मी काय बोलायला हवं होतं, ते मला आता कळतं. तेव्हा मात्र माझ्यातली ती पंधरा वर्षांची पोर पुढं झाली आणि म्हणाली, "एकदा द्या ना… एकदाच. मला ऐकायचीय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. घराचं दार लोटून घेतात तसे त्याचे डोळे मिटत गेले.

"तुम्हालाही तो खेळच पाहिजे," तो म्हणाला आणि पावसात निघून गेला.

पुढल्या बाजारी तो आला नाही. त्याच्या पुढल्याही नाही. बदामबाईंनी टोमणे मारायचं सोडलं, तेव्हा मला रडू आलं.

"रो मत, छोरी. काय मागितलंस त्याच्याकडं?"

"हाक."

"कशाला?"

ह्या 'कशाला'नं मला रात्रंदिवस छळलं. लग्नात बाईला गाणं म्हणायला सांगावं, तशी मी त्याच्याकडे घरची हाक मागितली होती. ऐकायला. त्या हाकेला जायचं असतं… हे तर मला खेळानंच शिकवलं होतं, आणि मीच विसरले होते.

भादव्यात घाटावर धुकं उतरलं. मी वाहरूदादाला थांब्यावर गाठलं.

"दादा, अजितला सांगा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या जीपनं येतेय. खिंडीत उतरेन आणि धुक्यात उभी राहीन. फोन करणार नाही, कुणाला वाट विचारणार नाही. हाक आली तर पुढं येईन, नाही आली तर परत जाईन. आणि म्हणावं, घरची असेल तरच द्या. ऐकायला नको, यायला पाहिजे."

वाहरूदादानं डोकं खाजवलं. "एवढं मला पाठ होनार नाही, बाई. 'ती येई ऱ्हायनी' एवढंच सांगतो."

खिंडीत उतरले तेव्हा जग नव्हतंच. नुसतं पांढरं. पायाखाली ओलं गवत, कुठंतरी पाण्याचा झुळझुळ आवाज, एका शेळीची घंटा – सोन्याची नव्हे, साधी, पिचकी.

"माझी बिडी संपेपर्यंत थांबतो," मागून वाहरूदादा म्हणाला. जरा चालताच जीपही धुक्यानं गिळली.

चालत राहावंसं वाटत होतं. पण चाललं की ऐकू येत नाही. मी थांबले. आई जात्यावर बसली की म्हणते, ते आठवलं –

*धुकं उतरनं माय, डोंगरना पाठवर*
*हाक कोनी येस व, पाय थांबना उंबऱ्यावर…*

कुणाची हाक? काही नाही. पाणी. घंटा. माझाच श्वास. बिडी किती वेळ पुरते? मागं जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

मग पलीकडच्या टेकडीवरून एका बाईचा आवाज आला. हाक नव्हती ती, कुणाला तरी दटावत होती. त्यांच्या बोलीतला एक शब्द मला कळला नाही. पण पोराला ढोसणाऱ्या आईचा सूर कुठल्याही बोलीत तोच. अजितची आई, तुळशीबाईच असणार. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही…

मग शांत झालं. इतकं शांत, की धुकं हलतानाही ऐकू यावं.

"हूऽऽय…"

मोडली. चाचरली. किती दिवसांत न वापरलेली, गंज चढलेली हाक. मला वाटलं, विझली. आणि मग ती चढली – सगळी टेकडी चढून, धुकं चिरत, माझ्या नावापर्यंत.

"…हो! रिनाऽऽ! येई ऱ्हायनी का?"

आजवर मला 'तुम्ही' म्हणणारा तो माणूस. ह्या हाकेत 'तुम्ही'ला जागाच नव्हती.

खाटेशेजारी आता कुणी निजलेलं नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि पंधराव्या वर्षापासून गिळलेलं उत्तर त्या पांढऱ्यात सोडून दिलं –

"येई ऱ्हायनूऽऽऽ!"