शिंपीकाकांची पाठ

दिवेलागणीला शिंपीकाका मालिशला आले तेव्हा मी त्यांना परतच पाठवणार होते. माझे अंगठे कामातून गेले होते, आणि डॉक्टरांनी हे काम कायमचं सोडायला सांगितलं होतं. पण बाबांची ही मालिशची खोली बंद करायची म्हटलं की जीव गलबलायचा. त्यांच्यामागे तेवढीच तर उरली होती. शेवटी म्हटलं, काकांपुरतं करू.

काका बाकावर पालथे झाले. जन्मभर शिलाई मशीनवर वाकून त्यांच्या पाठीचं लाकूड झालं होतं. बाबा असल्या पाठीशी बोलायचे. माणसाशी नाही, पाठीशी. हट्टी गाठ लागली की "सोड आता, बाई," म्हणून तिची मनधरणी करायचे. तेव्हा मला हसू यायचं. आता तो आवाज ऐकायला कान आसुसतात.

त्यांचा एक दंडक होता. गिऱ्हाइकाच्या अंगावरून दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. तेल घ्यायचं तरी एक हात टेकलेला हवा. का, ते विचारलं की म्हणायचे, पाठ रिकामी सोडू नये.

बाहेर अंधारून आलं. कोमट तेलाचा वास खोलीत दाटला. खांद्याच्या पात्याखालची गाठ दाबताना अंगठ्यातून अशी कळ गेली, की मी दोन्ही हात उचलून छातीशी धरले.

"हां... तिथेच," काका सुखावून म्हणाले. "आता खरी दाबलीस."

मी पाहिलं. पात्याखालचं मांस आपोआप दबत होतं, सुटत होतं. तेलात अंगठ्यांच्या वाटा उमटत होत्या. सावकाश, जराही घाई नाही. ती पद्धत मी लाखात ओळखली असती. भीती वाटलीच नाही, डोळे तेवढे भरून आले.

"बाबा..." मी पुटपुटले. "खोली चालू ठेवू ना?"

माझ्या मानेवर एक हात टेकला. नेमका दुखऱ्या जागी. लहानपणी मान आखडली की बाबा असाच हात ठेवायचे. मी डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

"थांबू नकोस गं," काका म्हणाले. "दोन्ही अंगठे अगदी जागेवर लागलेत..."

मी डोळे उघडले. काकांच्या पाठीवर दोन्ही अंगठे फिरतच होते.

माझ्या मानेवरचा हात थंड होता, आणि त्याला तेल लागलेलं नव्हतं.