हँडल काही फिरेना

आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

रविवारची सकाळ, श्रावणातली भुरभुर चालू, आणि मी वेणूबाईच्या कोंबडीचं अंडं आणायला परसात गेले होते. शेजारच्या वेणूबाईची ती कोंबडी घरचं खुराडं सोडून अंडं घालायला आमच्या गाडीत यायची, थेट मागच्या सीटवर. सीट कसली, नुसत्या स्प्रिंगा आणि काथ्या. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती जुनी डुक्कर फियाट बदलापूर गावातल्या आमच्या घरामागे, चिंचेखाली, मी शाळेत असल्यापासून उभी होती. मूळ रंग आकाशी होता म्हणे. मला ती आठवते तशी गंजाच्याच रंगाची.

"कोण आहे रे तिथे?" मी खराटा उगारला.

पाय दचकले. डोकं आपटल्याचा मोठ्ठा आवाज झाला आणि सरपटत एक माणूस बाहेर आला. केस तांबडे, भुवया तांबड्या, चष्मासुद्धा तांबडा.

"नमस्कार," चष्मा शर्टाला पुसत तो म्हणाला. चष्मा आणखीच माखला. "थोडं रॉकेल मिळेल?"

"रेशनचं रॉकेल काय वाटेवर पडलंय? आधी कोण ते सांगा!"

"हेमचंद्र. अण्णांनी सांगितलं नाही का?"

अण्णांनी अर्थातच सांगितलं नव्हतं. माई, माझी आई, गेल्यापासून घरातल्या बातम्या मला सगळ्यात शेवटी कळतात. चहा घेताना उलगडा झाला. हा राहायला अंबरनाथला, नोकरीला आनंदनगरच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. एकदा बदलापूरला आला असताना मागच्या रस्त्यावरून गाडी दिसली आणि साहेब वेडे झाले. आयुष्यात एकही गाडी दुरुस्त केलेली नव्हती, पण ही मात्र पहिल्यासारखी करायची होती.

"हे बघ हेमचंद्र," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "इंजिन जाम आहे. खंडेनवमीपर्यंत इंजिन फिरवायचं पुढचं हँडल फिरवून दाखव, गाडी तुझी, घेऊन जा. नाही फिरलं, तर उल्हासनगरहून मोटवानी भंगारवाल्याला बोलावतो. आणि एक अट. सुनेत्रा जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. तिचं लग्न ठरलं की वरातही यातूनच निघणार. पुण्याचं एक चांगलं स्थळ आलंय."

मी लाजले वगैरे नाही. मी भडकले. त्या गंजक्या डब्यातून वरात? आणि हे परक्या माणसासमोर बोलायचं?

तो परका माणूस मात्र माझ्याकडे बघून चहाचा कप उचलायचंच विसरला होता.

पुढचा प्रत्येक रविवार मग त्याचाच झाला. मला वाटलं होतं, ठोकाठोकी होईल, ठिणग्या उडतील... छे! हा यायचा, प्रत्येक नटबोल्टवर रॉकेल आणि तेल सोडायचा, इंजिनाचे प्लग काढून त्या भोकांमधून आत तेल ओतायचा, आणि बसून राहायचा.

"हे काय? सुरुवात कधी करणार?"

"हीच सुरुवात. गंजलेल्या नटाशी जबरदस्ती केली की तो तुटतो. तेल मुरू द्यायचं. वाट बघायची."

"किती?"

"ते नटावर आहे," माझ्याकडे बघत तो म्हणाला. मग घाईघाईने बंपरकडे बघायला लागला.

आता याचा अर्थ काय काढायचा? हा गाडीसाठी येतो की... पण मग दरवाजाची मूठ हातात निघून आली की तोंड एवढंसं करायचा, अगदी घरचं कोणी आजारी असल्यासारखं. एकदा तर कोंबडी सडलेल्या तळातून आरपार खाली पडली, तर कोंबडीआधी त्याने तळच तपासला! त्याच दिवशी माझ्या गालाला गंज लागला म्हणून त्याने रुमाल पुढे केला. रुमाल ग्रीसने बरबटलेला. मी तोच गालाला लावला, आणि दिवसभर गाल धुतला नाही. माझंच मला कळत नव्हतं.

दर रविवारी निघायच्या आधी तो गाडीच्या पुढे जायचा, बंपरखालच्या भोकात हँडल घालायचा आणि सगळा जोर लावायचा. हँडल काही फिरायचं नाही.

"जाम," तो म्हणायचा. "पुढच्या रविवारी बघू."

आणि मला गाडीबद्दल वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटायचं. आहे की नाही घोळ?

नवरात्र बसलं. पूजेआधी गाडी निदान आतून तरी पुसावी म्हणून मी फडकं घेऊन पुढच्या सीटवर चढले. पुसताना कोपर स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याला लागलं. खट्! दांडा सरकला. हाताला ताजं तेल लागलं. सहज म्हणून मी खाली उतरून हँडल घातलं आणि जोर केला.

हँडल गर्रकन फिरलं. इंजिनापुढचा पंखा फिरला. आतून सुस्कारल्यासारखा आवाजही आला.

मी तिथेच चिखलात बसले. गाडी इतके दिवस गिअरमध्ये होती! चाकं जमिनीत रुतलेली, गाडी गिअरमध्ये, मग हँडल फिरणार कसं? इंजिन मोकळंच होतं. आणि दांड्याला तेल घातलं होतं हेमचंद्रनेच, म्हणजे दांडा गिअरमध्ये आहे हे त्याला माहीत होतं. मग दर रविवारी "जाम" कशाला? मला भेटायला? पण माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस खंडेनवमीला गाडी भंगारात कशी जाऊ देईल?

त्यात वेणूबाई अंडं न्यायला आली आणि तिने आणखी भर घातली.

"अगो पोरी, तो तुमचा गाडीवाला, मी काल त्याला उल्हासनगरात बगितला. त्या मोटवानीच्या भंगारात बसून चा पीत होता. लई गुलुगुलु चालला होता दोगांचा!"

म्हणजे हा डाव होता तर. गाडी भंगारात काढायला लावायची आणि मग मोटवानीकडून गुपचूप उचलायची. म्हणजे वरातीची अटही नको आणि आमचा संबंधही नको! मी रडले. खूप रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, दांडा आता सरकलाय तिथेच राहू द्यायचा. काय होतं ते बघू.

खंडेनवमीला अण्णांनी गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. मोटवानी स्वतः टेम्पो घेऊन दारात येऊन थांबला. हेमचंद्र आला तो पांढराफटक. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"चल, शेवटचा प्रयत्न," अण्णा म्हणाले.

त्याने हँडल घातलं. नेहमीसारखे पाय रोवले, दात आवळले आणि अंगातला सगळा जोर लावला...

हँडल भिंगरीसारखं फिरलं आणि त्याच्यासकट हेमचंद्र झेंडूच्या टोपलीत उताणा!

"फिरलं! अरे, फिरलं!" अण्णा ओरडले.

टोपलीतून त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याला कळलं की मला कळलंय.

"अच्छा हुआ साईं!" मोटवानी हसत सुटला. "ये लडका रोज माझ्या डोक्याला ताप देत होता. बोलतो, शेठ, टेम्पो भेजना मत, गाडी काटना मत, पाया पडतो. मी बोललो, बाबा, मग अण्णाला सांग ना! तर बोलतो, सांगता येत नाही."

मला त्या क्षणी हसावं की रडावं कळेना. मी त्याला चोर ठरवलं होतं.

"झालं तर," अण्णा म्हणाले. "गाडी तुझी, हेमचंद्र. वरातीच्या दिवशी तेवढी..."

"नको!" तो उभा राहिला. शर्टाला पाकळ्या चिकटलेल्या. "म्हणजे... गाडी हवी. पण वरातीला नाही देणार. म्हणजे देईन, पण... पुण्याच्या वरातीला नाही. अण्णा, माझ्या हातून ती गाडी त्या वरातीसाठी तयार होणार नाही. म्हणून हँडल फिरत नव्हतं."

अण्णांनी नारळ सोलायला घेतला.

"सरळ सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला आणि मधेच फुटला. "पुण्याला जायचं म्हणून मी किती... तुम्हाला काही विचारता येत नाही?"

"भीती वाटली. जबरदस्ती केली आणि तुटलं तर?"

"अहो, पण मी काय नट आहे?"

तो हसला. त्या चष्म्याआड डोळे एवढे ओले असतील असं वाटलं नव्हतं. मला तो आवडत होता, पहिल्या तांबड्या भुवयांपासून आवडत होता, आणि आता त्यात कसलाही घोळ उरला नव्हता. मी अण्णांकडे वळले.

"अण्णा, पुण्याच्या लोकांना..."

"कळवलंच नाहीये त्यांना काही अजून." अण्णा शांतपणे नारळ सोलत होते. "आणि हेमचंद्र, या गाडीचा हँडब्रेक कधीच धड नव्हता. मी ती आयुष्यभर गिअरमध्ये टाकूनच उभी केली. गाडी माझी आहे बाबा. विसरेन होय?"

हेमचंद्रने हँडल खाली ठेवलं.

"म्हणजे... तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"हो. दुसऱ्या रविवारी सांगणार होतो. पण त्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून गाडीखाली शिरलास." अण्णांनी नारळ फोडला, पाणी गाडीच्या चाकावर ओतलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या तेलकट हातावर ठेवला. "वरात याच गाडीतून निघेल. नवरदेवाने स्वतः चालवली तरी माझी हरकत नाही. फक्त आधी ब्रेक बसव."