लाल ठिपका नसलेले तीन पंखे

“आजोबा, बोटीचा एवढासा पंखा समतोल करायला तुम्हाला अख्खी दुपार का लागते? मध्येच झोपता का?”

प्रश्न भिंगरीचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, की तिच्या आजोबांना तोंडावर हे विचारून दाखवायचं. सहा महिन्यांपूर्वी भिंगरीने अशा पैजेला लांबूनच नमस्कार केला असता. पण शाळेच्या वादविवाद स्पर्धेत माइक हातात आला, पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. आजोबा तर बापाचेही बाप. त्यांना कशाला भ्यायचं?

आजोबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“आता दुपार नाही लागत,” ते म्हणाले. “दहा मिनिटांत होतो. आणि होऊनही काही उपयोग होत नाही. पाच वाजता कोपऱ्यावरचा घड्याळजी येतोय. सगळी हत्यारं त्याला देऊन टाकतोय.”

भिंगरीच्या मागे तिची मैत्रीण उभी होती. चालणं, जेवणं, विनोद कळणं, सगळंच निवांत, म्हणून सगळे तिला हळूबाई म्हणत. या वेळी मात्र तिलाही लगेच कळलं. तिने चघळायला घेतलेलं बिस्किट खाली केलं.

“देऊन टाकताय? का?” भिंगरीने विचारलं.

“रविवारी पाहिलंस ना तळ्यावर?”

पाहिलं होतं. आजोबांची हिरवी बोट, हातभर लांबीची, बाबांच्या जन्माच्या वर्षी बांधलेली. बागेतल्या तळ्यावर दर महिन्याला शर्यत व्हायची आणि हिरवी बोट लोण्यातून सुरी जावी तशी जायची. या रविवारी मात्र ती डब्यात माशी कोंडल्यासारखी गुणगुणली, थरथरली, आणि अर्ध्या तळ्यातच बंद पडली.

“पंख्याची एक पाकळी केसभर जरी जड असली,” आजोबा म्हणाले, “तरी तो भरधाव फिरताना बोट हादरते. तीन नवे पंखे मी स्वतः स्टँडवर बघून घेतले. तिन्ही बरोबर होते. पाण्यात तिन्ही हादरले. म्हणजे स्टँडवर बघणारा चुकतोय. डोळे गेले, हात गेला. आता हौस कशाला?”

चाळीस वर्षं या खोलीत बसलेला माणूस हे बोलत होता, तेही हवापाण्याची गोष्ट केल्यासारखं.

“पाचपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही,” ती म्हणाली. “हळूबाई, वही काढ.”

“कुठली? गणिताची?”

“कुठलीही!”

घराच्या मागे गाडी ठेवायच्या खोलीत आजोबांचा कारखाना होता. टेबलावर त्यांचं स्टँड: लाकडी ठोकळा, त्यात समोरासमोर खोचून उभी केलेली दोन पोलादी पाती, धार वर. पितळेच्या पंख्यातून पोलादी दांडी ओवायची आणि ती या दोन धारांवर आडवी ठेवायची. जड पाकळी आपोआप खाली फिरते. समतोल पंखा कसाही ठेवा, तिथेच थांबतो.

“दुकानात तयार यंत्रं मिळतात की,” हळूबाई म्हणाली.

“मिळतात. चार प्रकारची वापरून पाहिली. एक घासायचं, एक डगमगायचं. शेवटी ही पाती. धार जितकी बारीक तितकं दांडीला अडायला कमी. हत्यार निवडायचं ते आपल्याशी खरं बोलणारं. महाग की स्वस्त, नंतर.”

“आणि जड पाकळी सापडली की?”

“पॉलिश पेपरने घासून वजन काढायचं, किंवा समोरच्या हलक्या पाकळीवर थोडी भर घालायची. तुझी आजी म्हणायची, भर घाला. काढलेलं परत लावता येत नाही.” त्यांनी खणातून नेलपॉलिशची छोटी बाटली काढली. आतलं लाल पार वाळून गेलं होतं. “तिचीच. एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचं. पुन्हा अर्धा थेंब. तुझी ती दुपार अशी जायची. ती शेजारी बसून नखं रंगवायची आणि मधूनमधून मला बाटली द्यायची.”

भिंतीवर खिळ्यांना जुने पंखे टांगले होते. प्रत्येकावर कुठे ना कुठे लाल ठिपका. टेबलावरचे नवे तीन मात्र कोरे करकरीत.

“यांना थेंब नाही लागला?”

“एकालाही नाही. ठेवला की थांबला. हल्ली कारखानेच चांगला माल काढत असतील.”

भिंगरीने एक पंखा धारेवर ठेवून टिचकी मारली. अर्धा वळसा घेऊन तो थांबला. पुन्हा टिचकी. पुन्हा थांबला, दुसरीकडेच. शहाण्या मुलासारखा.

“अगं, माझी पिन बघ,” हळूबाई केस सावरत म्हणाली. “ठोकळ्यावर ठेवली होती, तर पात्याला चिकटून बसली. तेल आहे वाटतं.”

“तेलच असणार,” आजोबा म्हणाले. “हिच्या आत्याची कृपा. परवा सगळं साफ केलंन्.”

म्हणून चौकशीत पहिली आत्या.

आत्या आतल्या खोलीत टेपने कापड मोजत होती. शिवणकामाचं मशीन ठेवायला तिला मागची खोली हवी होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

“आत्या, खरं सांग. आजोबांच्या स्टँडला तू काय केलंस?”

“पोलिसात लागलीस का गं? पुसलं आणि तेलाचा हात फिरवला. गंज चढत होता.”

“कधी?”

“शर्यत झाल्यावर, सोमवारी. रविवारी बोट बंद पडल्यावर तुझे आजोबा जेवायलाही बाहेर आले नाहीत. म्हटलं, खोली तरी लख्ख दिसू दे. मला खोली हवीय, पण अशी नकोय, कळलं?” टेप गुंडाळताना तिने तोंड फिरवलं.

हळूबाईने वहीत लिहिलं: *तेल. सोमवार.* मग बराच वेळ विचार करून म्हणाली, “पण बोट तर रविवारी बंद पडली.”

“शाब्बास! तेल निर्दोष.”

घड्याळजींचं दुकान कोपऱ्यावर होतं. ते आजोबांचे जुने मित्र आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी. रविवारी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांची बोट पहिली आली होती. डोळ्यात भिंग अडकवून ते एका घड्याळावर वाकले होते. भिंगरी सरळ काउंटरवर रेलली.

“तो मोबाइल मागे घे आधी!” ते ओरडले. “आणि हिचं ते झाकणाला चुंबक लावलेलं पाकीट बाहेर ठेव. चुंबक म्हणजे घड्याळाचा वैरी. एकदा शिरलं की काटे खोटं बोलायला लागतात, आणि मग मला ते यंत्रात घालून उतरवावं लागतं.”

“जिंकलात म्हणून पेढे मागायला नाही आले,” भिंगरी म्हणाली. “आजोबांच्या स्टँडला तुम्ही हात लावला होता का?”

“वर्षभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, भांडण झालंय आमचं. विचार त्याला, त्यालाही आठवत नसेल कशावरून.” त्यांनी भिंग काढलं. “त्याची बोट तशी गुणगुणताना ऐकली ना, तेव्हा मीच घाबरलो. तिला मागे टाकून जिंकायचं होतं मला, ती बंद पडली म्हणून नाही. आणि हत्यारं घेतोय ती भंगारात जाऊ नयेत म्हणून. उद्या मागितली तर आजच परत देईन.”

“उद्या मागितली तर आज कशी देणार?” हळूबाईने विचारलं. घड्याळजी हसले.

शेवटी बाबा. व्हरांड्यात पेपर वाचत होते. शेजारी व्यक्तिमत्त्व-विकास शिबिराचा फॉर्म होता. सुट्टीभराचं शिबिर. आईबाबांनी भिंगरी गप्प गप्प असायची तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आता फक्त तिची सही बाकी होती.

“बाबा, आजोबांच्या खोलीत तुम्ही शेवटचं काय केलंत?”

“त्यांच्या वाढदिवसाला भेट दिली की, गेल्या महिन्यात!” बाबांचा चेहरा उजळला. “खणात वाकून हत्यारं शोधायचे, पाठ धरायची. म्हणून भिंतीवर लोहचुंबकाची लांब पट्टी ठोकली. आता सगळं डोळ्यांसमोर, ठक्कन चिकटतं. पाती, पक्कड, कानशी, सगळं. नाहीतर ती पाती फडक्यात गुंडाळून लाकडी डबीत ठेवायचे. काय तो व्याप!”

भिंगरी जागच्या जागी एक गिरकी घेऊन थांबली. तिचं नाव उगाच भिंगरी नव्हतं.

“हळूबाई, तुझी पिन दे.”

पाच वाजता मागच्या खोलीत दाटी झाली. आजोबा खुर्चीत, घड्याळजी दारात टोपी हातात घेऊन, आत्या कापड खांद्यावर टाकून, बाबा, आणि कामावरून नुकतीच आलेली आई.

“आजोबा, मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता दहा मिनिटांत होतो,” भिंगरीने सुरुवात केली. माइक नव्हता, पण आवाज होता. “चाळीस वर्षं प्रत्येक पंख्याला लाल थेंब लागला. आणि अचानक ओळीने तीन पंख्यांना काहीच लागलं नाही? एकदा नशीब म्हणू. तीनदा म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय.”

“माझे डोळे,” आजोबा म्हणाले.

“बघूच.” तिने पंख्याच्या एका पाकळीवर मातीचा लहानसा गोळा चिकटवला. मुगाएवढा. स्टँडवरचं तेल तिने आधीच पुसून काढलं होतं. दांडी धारेवर ठेवली, जड पाकळी आडवी. “आता ही खाली जायलाच हवी ना?”

पाकळी गेली नाही. जशीच्या तशी आडवी राहिली.

आजोबा पुढे झुकले.

“गोळा तुम्हाला दिसतोय. डोळे ठीक आहेत,” भिंगरी म्हणाली. “खोटं पाती बोलताहेत.” तिने हळूबाईची केसांची पिन पात्याजवळ नेली. पिनेने टुणकन उडी मारली. “तेल नव्हतं ते. तेल चिकटवतं, उडी मारायला लावत नाही. महिनाभर रोज ही पाती चुंबकपट्टीवर लटकली आणि स्वतःच चुंबक झाली. दांडी पोलादी. ती पात्यांनी धरून ठेवली, म्हणून वाकडा पंखाही सरळ दिसला. तुम्ही घासता पितळ, आणि पितळेचा कीस चुंबकाला चिकटत नाही. म्हणून तुम्हाला कळलंच नाही. स्टँड म्हणालं समतोल, तुम्ही विश्वास ठेवलात. चाळीस वर्षं खरं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल?”

“म्हणजे,” हळूबाई सावकाश म्हणाली, “चोर काका आहेत?”

बाबांचा चेहरा पडला. “मी तर पाठ दुखू नये म्हणून…”

“माहितीये रे,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा फाटला. “पट्टी राहू दे. पक्कड लाव, पाने लाव. पाती तेवढी डबीत.”

घड्याळजी तडक निघून गेले. दहा मिनिटांनी त्यांचं यंत्र काखेत मारून परत आले. वर्षभराने त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं. पाती एकेक करून यंत्रातून फिरवली, पिन लावून पाहिली. पिन गपकन खाली पडली.

“ठेव आता पंखा,” त्यांनी आजोबांना फर्मावलं. “तूच ठेव. मी चुकवीन.”

“तू चुकवशीलच,” आजोबा म्हणाले. मातीचा गोळा काढून त्यांनी दांडी धारेवर ठेवली. त्यांचं बोट हललं नाही. पंखा क्षणभर थांबला, आणि एक पाकळी अगदी सावकाश, जांभई दिल्यासारखी, खाली झुकली.

आजोबांनी लाल बाटली उघडली. आत सगळं दगड. त्यांनी ती परत न ठेवता हातातच धरली.

आत्या उठून गेली आणि स्वतःची बाटली घेऊन आली. “लाल नाहीये. गुलाबी आहे.”

“तुझ्या आईला हा रंग आवडला असता,” आजोबा म्हणाले. मग ती गुलाबी बाटली भिंगरीपुढे धरली. “माझा हात शाबूत आहे. पण आता शेजारी बसायला कुणीतरी लागेल.”

भिंगरीने हलक्या पाकळीवर एक थेंब टाकला. जरा जास्तच झाला. आजोबा पॉलिश पेपरकडे बोट करून हसले.

फुंकर घालून थेंब वाळवता वाळवता ती आईबाबांकडे वळली.

“आई, बाबा, शिबिराच्या फॉर्मवर मी सही करणार नाहीये. सुट्टीभर मी इथेच बसणार, आजोबांच्या हाताखाली. आणि पुढच्या शर्यतीत हिरवी बोट मी चालवणार, मी समतोल केलेल्या पंख्यावर. कितीही दुपारी लागल्या तरी चालतील.”